मामाच्या पत्रात मामा नाही

नगर, तोफखाना
दि. १४ नोव्हेंबर १९७२

ती. अक्कास,

दंडवत. इकडे खुशाल. तिकडेही खुशाल असाल असं धरून चालायचं, कारण तुझ्या दोन्ही पत्रांत खुशालीला जागाच नव्हती, सगळा कागद रागाने भरला होता. राग बरोबर आहे. भाऊबीजेला येणं जमलं नाही. तू ताट करून दिवेलागणीपर्यंत वाट पाहिलीस आणि शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलंस, हे वाचल्यावर हातातली भाकरी तशीच राहिली. गेल्या वर्षीही चंद्रालाच मिळालं. त्याची चंगळ आहे, दुष्काळ फक्त आपल्याला.

लीनाचं जमलं, ही बातमी मात्र पुन्हा पुन्हा वाचली. मुलगा नाशिकचा, बँकेत, चष्मेवाला, हुंडा नको म्हणणारा. चष्मा सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. परवापर्यंत परकर सावरत मागे मागे फिरणारी पोर! तुझा स्वतःचा चष्मा फुटलाय म्हणतेस, म्हणजे हे पत्रही तीच वाचून दाखवत असणार. तर बाई लीना, हे तुलाच: सुखी राहा, आणि नवऱ्याच्या चष्म्यावर बसू नकोस.

अक्का, तू विचारतेस नगरात चाललंय तरी काय. विड्यांचं काम. भावोजींनी विचारलं तर 'विड्यांच्या धंद्यात आहे' एवढंच सांग, खोटं ठरणार नाही. या भागात घरोघर विड्या वळतात. गल्लीत शिरलं की आधी शिंक येते, मग घर येतं. खोलीवर आम्ही तिघं असतो. त्यातलं एक वडीलधारं माणूस पाथर्डीकडचं आहे, त्याच्या धाकात घर चालतं. दुसरं भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचं, ते सध्या आजारी आहे, म्हणून त्याच्या वाटणीचं कामही आमच्याकडे. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळते, तिची भाकरी थापता थापता फुटते. आम्ही शिकलो. भुकेपुढे सगळं जमतं.

तुला झोप लागत नाही असं लिहिलंस. इथेही तेच. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते कळत नाही. हात विड्यांत असले की बरं असतं. हात थांबले की डोकं सुरू होतं.

मुलीला मामाने मांडवात आणायचं, अंतरपाटाशी तिच्या मागे उभं राहायचं, हे तू असं समजावून लिहिलंस की जणू आपल्या घरात कुणी लग्न पाहिलेलंच नाही. मामाला धोतर जरीकाठी घ्यायचं की साधं, हेही आताच विचारतेस. लग्न वैशाखात आहे, अक्का. अजून थंडीसुद्धा पडली नाही. धोतराची घाई नको.

भावोजींना नमस्कार. नळाला पाणी आल्याची ओरड झाली, उठावं लागतंय.

तुझं
धाकटं


नगर
दि. ९ जानेवारी १९७३

ती. अक्का,

हे पाकीट मुद्दाम नीट चिकटवून पाठवते आहे. नवा चष्मा आल्याचं लिहिलंस, म्हणून हे धाडस. माजघराचं दार लोटून घे आणि एकटीने वाच.

मागचं पत्र वाचून दाखवताना लीना मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, मामाच्या पत्रात मामा कुठेच नाही." तू ते हसण्यावारी नेलंस, पण मला कळवलंस मात्र, म्हणजे तुलाही कुठेतरी टोचलं. पोरगी तल्लख आहे. बी.ए.ला मराठी घेतल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

खरंच नव्हते मी त्या पत्रात. 'आलो' लिहिणं जिवावर आलं होतं आणि 'आले' लिहायची छाती नव्हती. म्हणून 'येणं जमलं नाही', 'भाकरी तशीच राहिली' असं करत चोरासारखी पानभर भिंतीच्या कडेने चालले. आपल्या भाषेत 'आम्ही आलो' बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. त्या 'आम्ही'च्या आडोशाला बसले होते. आता उठते.

मी आले. मी गेले. मी जेवले. भाऊबीजेच्या संध्याकाळी मी तुझ्या आठवणीने रडले. घे, झालं लिहून.

तुला हे अगदीच नवीन नाही. लहानपणी मी 'आले' म्हणायचे आणि तू माझा कान धरून म्हणायचीस, "आलो म्हण, आलो! मुलगा आहेस ना?" आई म्हणायची, बहिणीच्या संगतीने बोलतोय, सुटेल हळूहळू. सुटलं नाही, अक्का. मी फक्त तोंड मिटायला शिकले. आई-अण्णा गेल्यावर तू मला वाढवलंस, शिकवलंस, कोपरगावला कारकुनी लावून दिलीस, आणि मी तिथल्या खुर्चीत बसून दिवसभर दुसऱ्याच कुणाच्या तरी सदऱ्यात कोंडल्यासारखी घुसमटायचे. अण्णांनी नाव नृसिंह ठेवलं. ना धड हा, ना धड तो, उंबऱ्यावरचा देव. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून नगरला आले आणि केडगावच्या देवीपाशी नुसतीच बसून राहिले. जीव द्यायचा विचार होता की काय, ते आता नक्की सांगता येत नाही. तिथे बनुबाई भेटल्या. पत्रातलं 'वडीलधारं माणूस' ते हेच. पाथर्डीकडच्या शेतकऱ्याच्या घरात मुलगा म्हणून जन्मल्या, आता पन्नाशी ओलांडली आहे, कपाळाला मळवट, आवाज तमाशातल्या ढोलकीवाल्याला दरडावील असा. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ए, जेवलीस का?" 'जेवलास का' नव्हे, 'जेवलीस का'. अक्का, मी त्या एका अक्षरामागे उठून चालू लागले.

लोक आम्हाला हिजडे म्हणतात. समोर असलो की मावशी म्हणतात. तुझ्या मनात आता काय काय येत असेल ते मला दिसतंय, म्हणून आमचं घर कसं चालतं ते सांगते. सकाळी पाणी. मग अंगण, भाकरी, आणि उन्हं चढली की मांडीवर सूप घेऊन विड्या. त्या शेजारच्या गोजरबाईंच्या नावाने, त्यांच्या कारखान्याच्या कार्डावर जातात. माझ्या विड्या आधी पोटाशी फुगायच्या. गोजरबाई म्हणायच्या, "ह्या इडीला काय दिवस ग्येल्यात का?" आता बऱ्या होतात. मंगळवार-शुक्रवार बनुबाई परडी घेऊन जोगवा मागायला जातात. मी जात नाही. कुणाच्या दारात हात पसरणार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि बनुबाईंनी "बरं" म्हणून सोडून दिलं होतं.

नेसायचं कसं, चिमट्याने दाढी उपटल्यावर गालाला काय लावायचं, पायऱ्या चढताना निऱ्या कशा उचलायच्या, हे सगळं मला खोलीवरच्या दोघींनी शिकवलं. तू शिकवायचं राहून गेलेलं. नावही बनुबाईंनीच दिलं. आधी कुणी कुणी आल्या आणि गेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही हितंच राहील. हिचं नाव राही."

आजारी आहे ती मनकर्णा. आजार नव्हे, तिचं निर्वाण झालं आहे. म्हणजे शरीराचं जे नको होतं ते काढून टाकलं. आमच्यातलीच एक जाणती बाई ते करते. डॉक्टर आम्हाला दारात उभं करत नाहीत. तापाने फणफणली होती, आता उतार आहे. बनुबाई तिला शेक देतात, मी तिच्या वाटणीच्या विड्या वळते, गोजरबाई आपल्या घरचं दूध आणून देतात. दुष्काळात दूध! माझं स्वतःचं अजून ठरलेलं नाही. कधी वाटतं उद्याच करावं, कधी भीतीने घाम फुटतो. बनुबाई म्हणतात, "घाई न्हाई. कुनाचं मन आदी हुतं, कुनाचं अंग. तुजं मन झालंय न्हवं? मंग अंग बसंल वाट बगत." पण माझ्याच्याने वाट बघवत नाही. मी खोलीत येरझारा घालते आणि मनकर्णा खाटेवरून ओरडते, "अगं बस की बाई, तुज्या पायानं मलाच ताप चढंल!"

पहिल्यांदा पातळ नेसून नळावर गेले त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. हंडा कुठे ठेवावा कळेना. बायका बघायला लागल्या. तेवढ्यात गोजरबाई म्हणाल्या, "मावशी, हंडा हितं लावा. तुमचा लंबर माज्या म्हागं." सगळ्या पुन्हा आपापल्या भांडणाला लागल्या. मला एवढा आनंद झाला की घरी येईपर्यंत निम्मा हंडा सांडला. मग एक गोष्ट मनात आली आणि ती आता जात नाही. बाजारात, गल्लीत, एस्टी स्टँडवर मला सगळे मावशी म्हणतात आणि मी त्यांची कुणाची मावशी नाही. साऱ्या जगात मला मावशी म्हणायचा हक्क असलेली एकच पोर आहे. ती मला मामा म्हणते.

लीनाच्या लग्नाला मला यायचं आहे, अक्का. मामा म्हणून उभं राहणं माझ्याच्याने होणार नाही. मागच्या रांगेत, बायकांच्या घोळक्यात, एखादी लांबची बाई म्हणून बसू दे. काम सांगशील ते करीन. तांदूळ निवडीन, पंगतीत पाणी वाढीन. कुणाशी अवाक्षर बोलणार नाही.

तू 'ये' म्हण. एवढं एकच अक्षर लिहिलंस तरी पुरे.

तुझी
राही
(हे नाव तुला पहिल्यांदाच लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं.)


नगर
दि. ११ मार्च १९७३

ती. अक्कास,

दंडवत. पत्र पोचलं. 'यापुढे घरात कुणीही वाचलं तरी चालेल असं लिही,' ही सूचना मिळाली, म्हणून हे उघडं कार्ड. लीनाने खुशाल मोठ्याने वाचावं, भावोजींनी ऐकावं, पोस्टमननेही वाटेत वाचून घ्यावं.

तुझी अटही समजली. केस बारीक कापायचे, धोतर नेसायचं, टोपी घालायची, मामा म्हणून उभं राहायचं आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. तसं नसेल तर यायचं नाही. भावोजींना सांग, हल्लीच्या पोरांच्या फॅशनने केस वाढलेत, त्यात काही विशेष नाही.

अक्का, प्रयत्न केला. तू शिवलेला निळा सदरा ट्रंकेच्या तळातून काढला. माळीवाड्याच्या वेशीपाशी आसाराम म्हणून एक न्हावी आहे, त्याच्या दुकानात जाणं झालं. खुर्चीत बसणंही झालं. आरशात तू दिसलीस. म्हणजे तुझं नाक, तुझी हनुवटी. आसारामने केस हातात घेतले आणि हळूच विचारलं, "किती ठिऊ?" फार साधा प्रश्न होता. त्याने कात्री नुसती हवेत वाजवली आणि खुर्ची रिकामी झाली. चपलासुद्धा तिथेच राहिल्या, त्याने दुसऱ्या दिवशी घरी आणून दिल्या.

खोलीवर यावरून दोन तट पडले. वडीलधाऱ्यांचं म्हणणं, "जा की. एक दिसाचं सोंग. आमी काय कमी सोंगं क्येली?" आजारातून उठलेल्याचं म्हणणं, "क्येस कापून आलास तर हितं पाय ठिऊ नगंस." रागाच्या भरात जुन्या तऱ्हेने हाक मारली गेली, आणि मग दोन्हीकडून दिवसभर अबोला. दोघांचंही खरं आहे, पंचाईत तीच आहे. आठ दिवस झाले, एका जागी बूड टेकत नाही. विडी वळताना धागा तुटतो, पाणी भरायला गेलं तर हंडाच घरी राहतो.

तर लग्नाला रजा मिळणार नाही, असं धरून चाला. मामाच्या जागी राधाकृष्णदादाला उभं कर. सख्खा नसला तरी चुलत आहे, तुमच्या देवळालीतच राहतो, आणि धोतर त्याला शोभतं.

लीनाला अनेक आशीर्वाद. तिच्या डोक्यावर अक्षता टाकीनच, कुठूनही टाकीन. इतक्या लांबून पोचतील की नाही, एवढाच प्रश्न.

नाइलाजाने,
तुझं धाकटं


नगर
दि. २९ मे १९७३

प्रिय अक्का,

तुझं पाकीट आलं. वर नाव नाही, नुसतं 'बनुबाईंच्या घरी, तोफखाना'. चि. नृसिंह लिहवलं नाही, दुसरं नाव लिहवत नाही, म्हणून जागा कोरी सोडलीस. मी त्या कोऱ्या जागेकडे फार वेळ बघत बसले. आत एकच ओळ: 'लीना निघताना तुझ्या कानाशी काय म्हणाली?' तुला ते तिलाच विचारता आलं असतं. तू मला विचारलंस. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते, मध्ये वाचायचं सोडू नकोस.

तुझ्या घरात गोंधळ घालायला मी आले नव्हते. वैशाख लागला तशी माझी अवस्था बघवेना, तेव्हा बनुबाई म्हणाल्या, "आपन लग्नाच्या घरी दुवा द्यायला जातोच. त्या घराला काय दार न्हाई व्हय?" मी म्हणाले, मी मागायला जाणार नाही, मी भिक्षुकाच्या घरातली आहे. त्यावर बनुबाई आणि मनकर्णा इतक्या हसल्या की गोजरबाई काय झालं ते बघायला आल्या. "अगं, तुजा बाप घरोगर जाऊन दक्षिना घ्यायचा का न्हाई? मंत्र म्हनायचा, आशीर्वाद द्यायचा, शिदा बांदून आनायचा. आमी येगळं काय करतो?" याचं उत्तर तुला येत असेल तर कळव.

मग टाळी शिकणं आलं. आमची टाळी वेगळी असते, तळवे सपाट, बोटं फाकलेली, फाडकन वाजली पाहिजे. माझी वाजेचना. बनुबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ही टाळी आरतीची हाय! आता ही परसाद वाटंल." अण्णांनी लहानपणी तासून घेतलेली टाळी, ती कुठे जाणार? शेवटी बनुबाईंनी सांगितलं, तू मागं उभी ऱ्हा आनि हात नुसते हलीव. आणि एक अट घातली. "वळख दावायची न्हाई. तिचं लगीन हाय, तुजं न्हवं."

आम्ही फाट्यावर उतरून चालत आलो. दोन्ही अंगाला ऊस वाळून उभा होता, देवळालीचा असला ऊस मी जन्मात पाहिला नव्हता. मनकर्णा आजारानंतर पहिल्यांदाच एवढं चालली, माझ्या दंडाला धरून. मांडवाच्या दाराशी भावोजी होते. माझ्या तोंडाकडे सरळ बघून म्हणाले, "यांना काय ते देऊन वाटेला लावा रे." इतकी वर्षं ज्याला पानात तूप वाढून घ्यायला लावलं, तो मेहुणा त्यांना ओळखू आला नाही. मला हसू आलं.

तुला मी त्याच वेळी दिसले. तू अक्षतांचं ताट घेऊन उभी होतीस. मी अट पाळली. मांडवाच्या तोरणाकडे बघत राहिले.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, पण माझ्या बाजूने ऐक. मुहूर्त आला. अंतरपाट धरला. आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर आला, तशी मांडवातली निम्मी माणसं हंडे-बादल्या घेऊन पळाली, त्यात राधाकृष्णदादाही. गुरुजी ओरडायला लागले, "मुलीचे मामा! मामा कुठे आहेत? मामांना बोलवा, वेळ टळतेय!" अक्का, शप्पथ घेऊन सांगते, मी ठरवून काही केलं नाही. कुणी आपल्याला हाक मारली की तोंडातून जे निघतं तेच निघालं.

"आले!"

सगळा मांडव हसला. त्यांना वाटलं मावशीने गंमत केली. नाशिकचे पाहुणे तर पोट धरून हसत होते. तू तोंडाला पदर लावलास. हसलीस की रडलीस ते पदरामुळे दिसलं नाही. मला हसलीस असंच वाटलं आणि मी तिथल्या तिथे मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. बनुबाईंनी सावरून घेतलं. फाडकन टाळी देऊन म्हणाल्या, "मामा न्हाई तर मावशी हाय! पोरीला काय कमी हाय का?" पुन्हा हशा. तेवढ्यात राधाकृष्णदादा ओल्या धोतराने धावत आला, आणि लीनाला मांडवात घेऊन आला.

मुंडावळ्यांतून लीनाने एकदा दाराकडे पाहिलं. हसली नव्हती ती एकटीच.

मंगलाष्टकं झाली. मी अक्षता टाकल्या, दारातून जेवढ्या पोचल्या तेवढ्या. मग रिवाजाप्रमाणे तू सुपात खण, नारळ, तांदूळ घेऊन आमच्यापाशी आलीस. बनुबाईंना दिलंस, मनकर्णाला दिलंस. माझ्यापाशी आल्यावर सूप कललं आणि तांदूळ सांडले. लक्ष्मी पायदळी नको म्हणून तू गोळा करायला वाकलीस, मीही वाकले, आणि आपली डोकी आपटली. चांगलंच लागलं.

आणि मग तू काय केलंस ते तुला तरी आठवतं का? तू डोकं पुन्हा एकदा आपटलंस. मुद्दाम, हळूच. लहानपणी करायचो तसं. एकदाच आपटलं तर शिंगं येतात, म्हणून दुसऱ्यांदा आपटून घ्यायचं. मांडवभर माणसांत, व्याह्यांच्या देखत, एका हिजड्याच्या कपाळाला तू कपाळ लावलंस, शिंगं येऊ नयेत म्हणून. मग स्वतःच दचकलीस आणि सूप तिथेच टाकून आत निघून गेलीस. मी किती वेळ ते तांदूळ वेचत होते.

सदऱ्याचं, धोतराचं, 'येऊ नकोस'चं, माझ्याकडून सगळं फिटलं. तुझ्याकडून फिटलं की नाही ते तू सांग.

आता तुझा प्रश्न. लीना निघताना सगळ्यांच्या पाया पडत दाराशी आली. बनुबाईंच्या पाया पडली, मनकर्णाच्या पडली. कुणाला त्यात काही वाटलं नाही, यांचा दुवा घ्यायचाच असतो. मग माझ्या पाया पडली आणि उठताना शालू सावरायचं निमित्त करून माझ्या कानाशी आली. ती म्हणाली:

"मावशी, नाशिकला पत्र घाल. आणि 'आम्ही' नको लिहूस. 'मी' लिही."

म्हणजे ते चिकटवलेलं पाकीट तिनेही कधीतरी वाचलं असणार, तिला त्या थंडीपासूनच ठाऊक होतं. आपण दोघी तिच्यापासून लपवत होतो, आणि तिने ते उघडं कार्डही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं असेल, आवाज न हलवता.

परतीच्या गाडीत बनुबाईंनी विचारलं, "वळख दावली न्हाईस न्हवं?" मी म्हणाले, नाही. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "मंग ह्ये टेंगूळ कशाचं?" आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मनकर्णा माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मला रडतासुद्धा आलं नाही.

माझ्या पायांना अजून स्वस्थता नाही. निर्वाणाचं ठरत नाही. पाऊस कधी येणार ते कुणी सांगत नाही, विड्यांची पानं वाळून मोडतात. पण काल गोजरबाई म्हणाल्या, आज तुमी एका जाग्यावर बसून सूप भरलंत की वो मावशी! तेव्हा माझ्या लक्षात आलं.

एक मागणं आहे. पुढच्या भाऊबीजेला मला ओवाळू नकोस, मी तुझा भाऊ नाही. पण चंद्राला एकटीने ओवाळू नकोस. ज्यांना भाऊ नसतो त्या त्यालाच ओवाळतात, आणि भाऊ तर आता मलाही नाही, तुलाही नाही. मी येते. ताट तू कर, निरांजन मी लावीन, आणि आपण दोघी अंगणात उभ्या राहू.

पाकिटावरची ती जागा तुला भरता यावी म्हणून खाली नीट, सरळ अक्षरात लिहिते आहे.

मी,
तुझी धाकटी बहीण
राही